दुबार नोंद

मनामा, रात्रपाळी. तिसऱ्या मजल्यावर
खिडकी नाही. समुद्र आहे तो काचेवर,
काळा, आणि त्याला लाट नाही.

आजपासून तीन देशांचे ठिपके एकाच पडद्यावर.
दुपारी केक कापला, साहेबांनी फोटो काढले.
रात्री निस्तरायला मी, आणि फोनवर
जुबैलचा मुतलक, ज्याचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही.

एकच गलबत. आमच्याकडे 'बरका',
त्यांच्याकडे 'बरकत', तिसऱ्यांकडे नुसता आकडा.
कुणाचं घड्याळ ग्रिनिचचं, कुणाचं इथलं,
म्हणून ते तीन तास स्वतःच्याच मागे धावतं
आणि स्वतःला गाठत नाही.
त्यात प्रत्येकाचं, आपला तो बाब्या.

काम तसं सोपं.
दोन ठिपके चिकटले की यंत्र विचारतं:
दुबार नोंद? पुसू?
मी हो म्हणते.
तीन वाजेपर्यंत एकशे एकेचाळीस वेळा हो.

तीन वीसला
नांगरलेल्या टँकरच्या कुशीत एक फिका ठिपका,
नाव नाही, झेंडा नाही, नुसता रडारचा.
दुबार नोंद? खात्री चौऱ्याण्णव टक्के.
हो.

चहा ओतताना आठवलं.
दाभोळच्या बंदरात बाबा म्हणायचे,
नांगरावरचं जहाज भरतीचं ऐकतं,
पाणी फिरलं की तोंड फिरवतं.
टँकर फिरला होता.
तो ठिपका फिरला नव्हता.

सावली असती तर फिरली असती ना?

मुतलक, तुझ्याकडे दिसतंय का काही?
होतं, म्हणाला. आत्ता गेलं. तूच पुसलंस ना?
मी तिसऱ्यांना फोन लावला. त्यांचंही गेलेलं.

परवापर्यंत बरं होतं.
मी विसरले तरी मुतलकला दिसत राहायचं,
तो डुलकला तर तिसऱ्यांना.
आता एकीची चूक सगळ्यांची,
एका बोटाने तीन समुद्र कोरे.

परत आणायची कळ नाही. वाट पाहायची.
रडारचा हात एक फेरी मारतो, रिकामा.
दुसरी. रिकामी.
मुतलकचा श्वास ऐकू येतो, बोलत नाही.
चौथ्या फेरीला
भाजणीतल्या करपल्या दाण्याएवढं काहीतरी.

गरगूर ओढणारी होडी असेल, इंजिन बसलेलं.
दोघं असतील, तिघं. बोट पाठवली आहे.
कुणाच्या हद्दीत, ते सकाळी भांडू.

नव्या नोंदीला नाव द्यावंच लागतं,
रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही.
मी टाईप केलं: आहे.

हे कुठल्या भाषेत, मुतलकने विचारलं,
आणि आमच्याकडे कसं लिहायचं?