हाकेच्या अंतरावर

लिव्हियोला त्रिएस्तेच्या बंदरात नोकरी लागली मार्चमध्ये.
एप्रिलभर आम्ही घरं पाहिली.
दलाल फुर्लान, गुळगुळीत दाढीचा,
प्रत्येक घराबद्दल एकच सांगे:
सगळं दहा मिनिटांवर.
शाळा दहा, दवाखाना दहा,
समुद्र तर काय, खिडकीतच.
मी विचारलं, कुणाची दहा मिनिटं?
तो हसला,
गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला.

टेकडीवरचं पहिलं घर खरंच देखणं होतं.
खोटं कशाला बोलू, बाल्कनीत उभी राहिले
आणि क्षणभर मी दोन मुलांची आई नव्हते.
खाली आखात, दोन पांढरी जहाजं.
लिव्हियो मागून म्हणाला, नीवेस, हेच.

म्हटलं, थांब, पोरांना घेऊन खाली जाऊन येते.
फाटकाबाहेर फुटपाथ नव्हता.
होती एक पांढरी रेघ, वीतभर रुंद.
पाच वर्षांची ओंदिना तिच्यावरून
तारेवर चालल्यासारखी चालली, हात पसरून.
तुल्लियोची बाबागाडी अर्धी रस्त्यात, अर्धी कण्हेरीत.
वळणावरून गाडी आली
आणि आम्ही भिंतीला पालीसारखे चिकटलो.
अर्ध्या तासात भेटलं ते एक कुत्रं,
तेही कुंपणाआडून.
वर येऊन मी बाल्कनीतून हाक मारली.
ओंदिना माझ्या शेजारीच होती, तरी मारली:
ओंदिनाऽऽ!
हाक गॅरेजच्या पत्र्यावर आपटली
आणि एकटीच परत आली.

मग आणखी सहा घरं. त्यांचं काही आठवत नाही.

शेवटचं फुर्लानने नाइलाजाने दाखवलं.
तिसरा मजला, लिफ्ट नाही,
स्वयंपाकघराच्या खिडकीत समोरच्यांची खिडकी
आणि मधल्या दोरीवर कुणाचा तरी निळा पायजमा.
लिव्हियोने पायऱ्या मोजल्या: अठ्ठावन्न.
मी रस्ता मोजला, ओंदिनाच्या पावलांनी:
पावाचं दुकान बत्तीस,
शाळा चारशे दहा, मध्ये एकदा बूट सुटला ते धरून.
बाग म्हणावी असं काही नाही. एक म्हातारं चेस्टनट,
त्याच्याखाली बाक, बाकावर मटार सोलणारा माणूस.
नाव न विचारता त्याने ओंदिनाच्या ओंजळीत
चार दाणे टाकले, आणि मग, विचार करून, पाचवा.
एक मुलगा, फार तर आठ वर्षांचा,
दुधाची बाटली छातीशी धरून
एकटा रस्ता ओलांडत होता,
आणि त्याच्यासाठी बस थांबली होती.
अख्खी बस.

तिला खाली लिव्हियोजवळ ठेवून मी वर गेले, खिडकी उघडली.
ओंदिनाऽऽ!
तिने मान वर केली.
मटारवाल्याने केली, पाववालीने केली,
समोरची खिडकी धाडकन उघडून
पायजम्याच्या मालकिणीने विचारलं,
काय गं बाई, पोर हरवली का?

सही करताना लिव्हियो काही बोलला नाही.
अजूनही बाबागाडी उचलताना
चाळिसाव्या पायरीला तो समुद्राचं नाव घेतो,
आणि त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही.
रविवारी तो एकटाच टेकडीवर जाऊन येतो.

नोव्हेंबरात बोरा सुटला. तो वारा इथे माणसं ढकलतो.
शाळेच्या कोपऱ्यावर तुल्लियोची टोपी उडाली,
मग तुल्लियोच उडायला लागला.
कुण्या बाईने त्याची कॉलर धरली,
माझ्या हातात दिली, आणि आपली छत्री शोधायला गेली.
तिचं नाव मला अजून माहीत नाही.

काल ओंदिना पहिल्यांदा एकटी पाव आणायला गेली.
बत्तीस पावलं. आता उंच झालीय, सत्तावीस असतील.
मी खिडकीत उभी, हाक तोंडात धरून,
गरम बटाट्यासारखी, गिळताही येईना.
ती दुकानात शिरली.
घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं.
सात मिनिटं झाली.
समोरच्या खिडकीतली बाई भांडी पुसत होती,
तेच एक ताट, कितीतरी वेळ.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

पाव घरी आला तेव्हा
त्याचं एक टोक कुरतडलेलं होतं.