पाठ लागू नये म्हणून

दर दोन तासांनी, तवनाप्पा,
एक हात तुझ्या खांद्याखाली, एक कमरेखाली,
आणि मी तुला कुशीवर घेतो.
पकड तीच आहे.
फक्त त्या दिवशी तुझी पाठ जमिनीला लावायची होती,
आता गादीला लागू द्यायची नाही.
लागली की कातडं सोलतं,
मग वहिनी बोलत नाही दोन दिवस.

पंचगंगेपल्याडच्या त्या गावात म्हाई होती.
हलगी कडकडत होती.
बाराव्या मिनिटाला तू पटात शिरलास, मी ढाक लावली,
हिंदुराव वस्तादांनी घोटून घेतली होती तशी,
बोटभरसुद्धा चूक नाही.
तू वर गेलास.
खाली येताना डोकं आधी आलं.
वाळका ऊस गुडघ्यावर मोडावा, तेवढाच आवाज.
हलगीत तो मला सोडून कुणालाच गेला नाही.

माझ्या डोक्याला फेटा गुंडाळत होते,
आणि तू आस्मान बघत पडलेला,
तोंडात माती,
म्हणालास, "बाबालाल, पाय कुठं गेलं रं माझं?"

मग चौघं धावलो.
मायेचीच माणसं.
तुझा चुलता, तालमीतली दोन पोरं,
डाव्या खांद्याला मी.
मान लोंबत होती.
तिच्याखाली कुणाचाच हात नव्हता.
दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या किटल्यांच्या मधे घातलं तुला.
सीपीआर येईपर्यंत
खड्डा गेल्यावर दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "हळू."

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.
पाचवा मणका, सहावा मणका.
त्यांनी एवढंच विचारलं, "उचलला कसा?"
आम्ही चौघं चार दिशांना बघत राहिलो.

तेव्हापासून मला ठाऊक नाही
तू ढाकेनं मोडलास का टेम्पोनं.
एका रात्री विचारलं तुला.
म्हणालास, "निम्मं निम्मं वाटून घ्या की."
आणि हसलास.
हसताना तुझं पोट हलत नाही,
गालच तेवढे हसतात.

वहिनी उंबऱ्यात बसून पैंजणाच्या कड्या जोडते,
हुपरीच्या व्यापाऱ्याचं काम, किलोवर मजुरी.
भिंतीवरच्या कॅलेंडरात तिच्याच खुणा:
डावी कूस, उजवी कूस, डावी, उजवी.
गुरुवारच्या चौकोनात माझं नाव.
तिनं मला कधी बस म्हटलं नाही.
चहा मात्र न मागता येतो.

आखाडा नवा घातला की चिमूटभर माती आणतो तुला.
हळद, ताक, तेल, लिंबू.
आधी हातावर टाकायचो,
तू म्हणालास, "तिथं कशाला वाया घालवतोस?"
आता गालाला लावतो.
तू डोळे मिटतोस, नाकपुड्या फुगतात,
पडल्या जागी वजन वाढल्यागत दिसतं तुझं.

फेटा मी परत बांधला नाही.
तालमीच्या जुन्या दाराचं एक फळकूट होतं,
ते तासून घेतलं, चार पट्टे ठोकले,
वाळूच्या दोन पिशव्या शिवल्या,
आणि मैदान असेल तिथं आखाड्याच्या कडेला जाऊन बसतो.
पोरं म्हणतात, "आला फळीवाला, आता निकाल नको."
पंच म्हणतात, "अपशकुन."
एका गावात तर मला नारळ देऊन घालवलं.

परवा गगनबावड्याकडं एक पोरगं कलाजंगावर पडलं,
उठंना.
चौघं धावले. तसेच. मायेचेच.
मी इतका ओरडलो की हलगी थांबली.
"हात लावू नका!"
मातीत पालथा झोपून त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं,
फळी येईपर्यंत,
गाडी येईपर्यंत,
कोपर बधिर होईपर्यंत.
त्याच्या कानात बोलत होतो, काय ते आठवत नाही.
आज सकाळी फोन आला.
उजवा अंगठा हलला म्हणे.
बाकीचं बघू म्हणालेत.

हे सगळं सांगितलं तुला,
तर तू छताच्या पत्र्याकडं बघत गप्पच.
बऱ्याच वेळानं विचारलंस,
"वजन किती त्येचं?"
"एकोणसाठ."
"लहान हाय की अजून," म्हणालास,
"चल, कूस बदल. वेळ झाली."