नमुन्यादाखल एक

पुराचं पाणी हरभट रोडवर शिरलं तेव्हा
आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीला हात लावून
परत फिरलं.
ती रेघ अजून आहे भिंतीवर.
बाळगोंडाकाकांनी तिच्यावर रंग मारू दिला नाही,
गिऱ्हाइकांना बोटानं दाखवतात : इथवर.

त्या वर्षी माणसं भिजलेले अल्बम पिशवीतून आणायची.
पानाला पान चिकटलेलं,
नवरीचं तोंड वऱ्हाड्यांच्या पाठीवर उमटलेलं.
मी गाव विचारायचे, साल विचारायचे,
आणि बुडालेलं लग्न पाच मिनिटांत
कोरडं होऊन प्रिंटरमधून बाहेर पडायचं.
काका म्हणायचे, आपल्याकडं पाणी वर येत न्हाई.

बुधवारी दुपारी मेल आला. बिल सोबत जोडले आहे.
बिल कुणाचं यायचं नसतं? उघडलं.
काही झालं नाही. म्हणजे, दिसलं नाही.
मी चहा प्यायले, पासपोर्टचे आठ फोटो कापले,
एका पोराच्या टीशर्टवर कोट चढवला.
डब्याच्या पोटातला पंखा घरघरत होता,
पिवळा दिवा लुकलुकायचा थांबेना,
हळदीच्या गिरणीसारखं आत काहीतरी
दळलं जात होतं, दळलं जात होतं.
मला वाटलं, अपडेट असेल.

जुन्या प्रती ठेवायचा कोपरा त्यानं आधी पुसला.
मग नावांच्या क्रमानं निघालं :
अंकली, आष्टा, बेडग, बुधगाव, डिग्रज,
गावामागून गाव, मांडवामागून मांडव.
पूर असा रांगेत येत नाही.
मग बाहेरची डिस्क,
जी सकाळपासून मी काढायची विसरले होते.
हे वाक्य लिहायला मला चार महिने लागले.

नावं सगळी जागेवर. प्रत्येकाला एक नवं शेपूट.
चित्राच्या जागी कोपरा दुमडलेला पांढरा कागद.
वजनसुद्धा घटलं नव्हतं,
आठ एमबीच्या अक्षता अजून आठ एमबीच होत्या,
फक्त त्यात कुणी उभं नव्हतं.

पडद्यावरचा गणपती गेला, लाल पाटी आली.
इंग्रजी इतकं सभ्य, की काका दोनदा म्हणाले,
शिकल्याला हाय.
बहात्तर तास. खाली सेकंद पळत होते.
पैसे असले मागितले, जे मोजून हातावर ठेवता येत नाहीत.
आणि शेवटी, वाण्यानं चिमूटभर गूळ चाखायला द्यावा तसं :
विश्वास बसावा म्हणून एक फाइल फुकट उघडून देऊ.
कुठलीही.

अकरा वर्षं. एक.

मी काही न बोलता काकूंचं फोल्डर उघडलं.
त्या गेल्याला तिसरं वर्ष.
काका पांढऱ्या कागदांकडं बघत बसले,
चष्मा काढून पुसला, परत बघितलं.
मग विचारलं, उद्या डिलिव्हरी कुणाची हाय?
समडोळीच्या आवटींची. सासऱ्यांचा फोटो, बारा बाय अठरा.
तोच पाठव.

रात्री अकराला म्हातारा परत आला,
टोपी, कानातलं मशीन, वरची गुंडी उघडी,
केसाचाही फरक नाही.
समडोळी कुठं आहे हे ठाऊक नसलेल्या कुणीतरी
त्याला दारापर्यंत आणून सोडलं होतं.
चोराच्या हाताला इतकी निगुती असते,
याचाच मला जास्त राग आला.

पैसे आम्ही दिले नाहीत. काका त्याला तत्त्व म्हणतात.
गल्ल्यात होते किती, ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सुगंधाताई आल्या.
फोटो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला,
लांबून बघितला, जवळून बघितला.
जरा काळं आल्यात वो मामंजी.
उजळ करून द्या की.

मी काकांकडं बघितलं.
मशीन बंद हाय, ते म्हणाले,
आणि पन्नास रुपये कमी केले.