डावा पीळ

पान बेचाळीस: पूल.
एक लोखंडाचा, एक सिमेंटचा, आणि खाली प्रश्न:
तुमच्या गावातला पूल कशाचा आहे?

आमच्या गावातला गवताचा आहे.
दरसाल जुना कापून नदीत सोडून देतात
आणि नवा वळतात.
त्या आठवड्यात शाळेत चिटपाखरू नसतं.
म्हणून यंदा गवतच मी वर्गात आणलं.

मी आरेकिपाची, शहरातली.
इथल्या उंचीवर पहिल्या वर्षी
फळ्यावर तारीख लिहितानाही धाप लागायची.
दोरी वळायला मोबाइलवर बघून शिकले.
मुलांना हे सांगितलेलं नाही.

दोन बाकं. मधे हातभर नदी.
डेविसनं फरशीवर निळ्या खडूनं लाटा काढल्या,
एक मासा काढला,
आणि, का ते विचारू नका, एक विमान.

गवत भिजवलं. दगडानं चेचायचं कोणी, यावर भांडण.
रोसबेल म्हणाला, मी मुकादम.
निल्दा म्हणाली, मुकादमाचे हात कोरडे कसे?
मग त्याचेही ओले झाले.
पत्र्यावर ऊन चढेपर्यंत
अठ्ठावीस तळवे एकमेकांवर घासले जात होते,
वर्गाला ओल्या गवताचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास,
आणि मी बाकांमधून फिरत सांगत होते:
उजवीकडे पीळ. सगळ्यांनी उजवीकडे.

एदमेर डावीकडे वळत होता.

मी त्याची दोरी उसवली.
त्यानं पुन्हा वळली, पुन्हा तशीच.
पुन्हा उसवली.
तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही,
माझ्या बोटांकडे बघत राहिला,
आणि मी पाठ फिरवल्यावर
त्याचं काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही.
हजेरीपटात शेरा लिहीत होते.

दुपारी पूल टाकला.
सहा दोऱ्या शेजारीशेजारी, आडव्या काड्यांनी बांधलेल्या.
पहिला दगड. दुसरा.
तिसऱ्याला पुलानं कूस बदलली,
झोपेतला माणूस बदलतो तशी, सावकाश,
आणि दगड माशावर.

परत टाकला. परत कूस.
रोसबेल म्हणाला, दगडच खराब आहेत.
मी पुस्तक उघडलं. पुस्तकात लोखंड होतं.

तेव्हा सायदा,
जी वर्षभर फक्त हजेरीला बोलते, म्हणाली,
आई शालीच्या काठाला एक उलटा धागा घालते.
ल्योके.
नाहीतर काठ मुडपतो, प्रोफे.

ल्योके म्हणजे डावा.
एवढं क्वेचुआ मलाही येतं.

एदमेरनं स्वेटरखाली हात घातला
आणि तीन दोऱ्या काढल्या,
पोटाच्या उबेनं अर्धवट वाळलेल्या.

उजवी, डावी, उजवी, डावी.
कोणी कोणाला सांगत नव्हतं.
निल्दा गाठी मारत होती, डेविस काड्या पुरवत होता,
मुकादम बाक धरून बसला होता.
मी पुढे झाले, तर सायदानं
माझा हात हळूच बाजूला केला,
चुलीपाशी लुडबुडणाऱ्या मुलाचा करतात तसा.

चार दगड. नऊ. चौदा.
पूल सरळ, उताण्या तळहातासारखा.
सतराव्यावर निल्दानं डब्यातले बटाटे ठेवले.
मग सगळ्यांचे बटाटे.
मग डेविसचा बूट.

दोरी तुटली नाही.
बाकच सरकत सरकत नदीत आला
आणि बटाटे, दगड, बूट, सगळं विमानावर.
असं हसू मी या खोलीत ऐकलं नव्हतं.
धाप लागली मला, जुन्यासारखी.

संध्याकाळी वह्या तपासल्या.
तुमच्या गावातला पूल कशाचा आहे?
एदमेरनं लिहिलंय: गवताचा.
खाली, जागा उरली म्हणून असेल:
दोन्हीकडून वळलेल्या.

हजेरीपटात त्याच्या नावापुढे
सकाळचा शेरा आहे: सूचना पाळत नाही.
माझंच अक्षर, सुबक, उजवीकडे झुकलेलं.
शाईचं आहे.
उसवता येत नाही.