डाग गेल्यावर दोन आठवडे

रात्रपाळी सुटली की शिरोली नाक्यावरच्या माझ्या दुकानात
भट्टीचा वास घेऊन माणसं येतात.
मागं कुणी नाही ना, बघतात,
आवाज खाली आणतात,
"म्याडम, ती खाजंची ट्यूब द्या. टीव्हीवरची नव्हं, ती दुसरी."

ती दुसरी मला ठाऊक आहे.
सासऱ्यांच्या काळात तिची खोकी उतरायची,
मीही विकली सात वर्षं,
सुट्टे नसले की चॉकलेट द्यावं इतक्या सहज.
तीन दिवसांत लाली पळते, खाज निजते,
आणि स्टेरॉइडच्या पांघरुणाखाली
नायटा निवांत हातपाय पसरतो.

बाळगोंडाला मी नाही म्हटलं.
तो समोरच्या दुकानात गेला.
मी बघत होते. त्यानंही एकदा वळून बघितलं.

गणपती उठल्यावर आला.
शर्ट वर केला: कड्यात कडं, कड्यात कडं,
कंबरेपासून पाठीपर्यंत.
"आता बोलू नका काय. सांगा."

आधी सीपीआरला धाडलं, कातडीच्या डॉक्टरांकडं.
चिठ्ठी आणली ती त्याच्यासमोर वाचली.
कॅप्सूल जेवल्यावर लगेच.
आणि ती ॲसिडिटीची गोळी,
शेंगदाण्यासारखी रोज टाकतोस तोंडात,
ती डॉक्टरांना सांगितलीस?
नव्हती सांगितली. मीच फोन लावला.

मलम डागाच्या बाहेर दोन बोटं.
खोलीत किती जण? पाच.
टॉवेल? दोन.
रविवारी रेंदाळला जातोस, घरी मालकिणीला?
सोळाशे अंशांसमोर उभा राहणारा माणूस
माझ्या ट्यूबलाइटखाली कानापर्यंत लाल झाला.

शेवटचं, जे कुणीच ऐकत नाही:
डाग गेल्यावरही दोन आठवडे.
"गेल्यावर कशाला लावायचं?"
ओतलेलं लोखंड वरून काळं पडलं
की लगेच हात लावतोस काय रे?
तेव्हा पहिल्यांदा हसला.

काल दुपारी एक बाई आली.
पदर गच्च, हातात रिकामी, शेपटापर्यंत गुंडाळलेली ट्यूब,
माझ्याच दुकानाची.
"रेंदाळहून?"
मान हलली.
मी आतलं स्टूल पुसलं, शटर अर्धं ओढलं.
समोरच्या दुकानात गर्दी होती.