जमेची बाजू

नवव्या मजल्यावरच्या त्सियालाबाईंचा फोन
महिन्यातून चारदा तरी ठरलेला.
लिफ्ट अडली. लिफ्ट कण्हते.
लिफ्टनं वीस तेत्रींचं नाणं गिळलं
आणि ढेकरसुद्धा दिला नाही.
ग्लदानीतल्या एकवीस इमारतींच्या लिफ्टा माझ्या गळ्यात,
पण या बाईंचा आवाज आला
की हातातला पाना आपोआप जड होतो.

तिबिलिसीच्या ट्राम डेपोत त्यांनी हयातभर हिशेब लिहिले.
ट्राम बंद झाल्या,
रूळ भंगारात गेले,
सवय तेवढी पिशवीत घालून घरी आणली.
एक जाड वही,
पानाच्या मधोमध पट्टीनं ओढलेली रेघ.

मंगळवार : सकाळी सातला पाणी गेलं.
बुधवार : सातव्या मजल्यावरच्या गुरामचा ड्रिल.
गुरुवार : थेस्सालोनिकीहून लेकीचा फोन नाही.
शुक्रवार : आला. पण घाईत.

सगळं नावे.
रेघेपलीकडचा कागद कोरा, पानामागून पान.

जानेवारीत लिफ्ट खरंच अडली,
सहा आणि सातच्या मध्ये,
आणि आत त्याच.
मी वर, मशीनच्या खोलीत, हातानं चाक फिरवतोय,
बोटं बधिर, तोंडात शिवी,
ग्रीस थंडीनं दगड झालेलं.
खालून पोकळीतून आवाज वर येत होते.
गुराम जिन्यात बसला होता, दाराच्या फटीशी.
"भीती वाटतेय का, काकू?"
"पाव गार होतोय," त्या म्हणाल्या.

मग बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, चक्कर आली.
नंतर कळलं, दोघं खात होते.
भट्टीतून आत्ताच निघालेला लांबट पाव,
त्याचं टोक तोडून त्यांनी फटीतून दिलं,
त्यानं आतून चीज आणून परत फटीतूनच.
चाळीस मिनिटं.

दार उघडलं तेव्हा अंगावर चुरा.
मला म्हणाल्या, वर चल, सही कर तक्रारीवर.

टेबलावर वही उघडली,
पेनाचं टोपण काढलं,
आणि थांबल्या.
चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
"डेपोत मला कुणी असलं पान दिलं असतं ना," म्हणाल्या,
"एकाच बाजूचं,
तर मी त्याच्या तोंडावर फेकलं असतं."

कोऱ्या बाजूला हळूहळू लिहिलं :
गुराम जिन्यात बसून राहिला.
रकमेच्या रकान्यात काय मांडावं, सुचेना.
त्यांनी पेन चाटलं,
मग रकाना तसाच सोडला.
हिशेबनीस बाईच्या हातून रकाना रिकामा सुटताना
मी प्रथमच पाहिला.
सही माझी राहूनच गेली.

बाई बदलल्या म्हणाल, तर तसं काही नाही.
फोन अजून चारदा येतो.
गेल्या आठवड्यातच ओरडल्या,
नाणं गिळलं, नाणं गिळलं!
मग थोडं थांबून,
"आणि हो, सहाव्यावर कुणीतरी कांदा परततंय,
वास लिफ्टच्या आधी वर पोचला."
हे मला का सांगितलं?
मी कंपनीचा माणूस, कांदा माझ्या कामात येत नाही.
तरी फोन ठेवायला उशीर केला.

माझा गुडघा संध्याकाळी बोलतो.
धाकटा मुलगा माझ्याशी बोलत नाही.
हे कोणत्या बाजूला लिहायचं ते मला ठाऊक आहे,
त्यासाठी वही लागत नाही.

मशीनच्या खोलीच्या भिंतीवर आम्ही पेन्सिलीनं नोंदी करतो,
माझ्या आधीचे दोघं, त्यांच्या आधीचा एक :
दोर बदलला. ब्रेक घट्ट केला. उंदीर.
काल तिथं तेल घालायला गेलो
तर फुटक्या तावदानातून उत्तरेचे डोंगर
इतके जवळ, इतके पांढरे,
की तेलाचा डबा हातातच राहिला.

खाली तारीख घातली.
लिहिलं : डोंगर दिसले. दुरुस्तीची गरज नाही.
कंपनीचा साहेब कधी वर चढून आला
तर विचारेल, हे काय.
चढत नाही तो.
जिना फार आहे.