पहिला घाणा

शाळूला मोड आणणं अवघड नाही,
मटकीला आणतो तसेच.
फक्त तीन दिवस घरात कुणी विचारायचं नाही
की उसळ कधी.

मग गच्चीवर वाळवण. हरिपूरचं ऊन,
चिमण्यांचा वाटा वजा.
मग कढईत भाजणं, खमंग होईतो,
आणि जळायच्या एक पाऊल अलीकडे थांबणं.
ते पाऊल मला अजून सापडलेलं नाही.

पुरणाचं पातेलं विजयमालानं दिलं नाही.
तिचं बरोबर होतं.
पाणी तापवायचा डबा तीनदा घासला.
आधण असं, की बोट बुडवून
दोनच्या पुढं मोजता येऊ नये.
कडूपणाला गणपती पेठेतलं काडेचिराईत
(मगदूम म्हणाला, ताप कुणाला आलाय?),
मिरजेच्या बेकरीतून चमचाभर यीस्ट,
आणि मी काम करतो त्या दवाखान्यातली
मुदत संपलेली सलाईनची नळी.

वीस लिटरचा जार. तोंड मेणानं बंद.
नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात.
पहिली रात्र काही नाही.
दुसऱ्या रात्री, पावणेतीनला:
बुडुक.

उठून बसलो.
बुडुक.
काडी ओढून बाटलीच्या तोंडात धरली.
विझली.
दुसरी धरली. तीही.

दादा हळदीच्या पेवात उतरायच्या आधी
दोरीला बांधून कंदील सोडायचे.
कंदील तगला तर माणूस.
विझला तर पेवाचं तोंड उघडं टाकून
कडेला विडी ओढत बसायचं,
चुळबुळ करणाऱ्याला शिवी हासडायची.
एकदा घाई केलेल्या बाबू हारगेचं
नाव ते मोठ्यानं घेत नसत.

तोच वारा हा.
माझ्या ओट्याखाली, शाळू खाऊन,
दर सात सेकंदांनी एक.
मी खिडकी उघडली. गरज नव्हती.

बाटल्या सव्वीस भरल्या. दोन रात्रीत फुटल्या,
शेजारच्या काकूंना सांगितलं, कुकर.
एक गार करून विजयमालाला दिली.
तिनं घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला.
"आंबील आहे," म्हणाली, "रुसलेली."
आणि पेला खाली ठेवला नाही.

वहीत लिहून ठेवलंय:
काडेचिराईत निम्मं.
भाजताना फोन घ्यायचा नाही.
घाई करायची नाही.
नळी उकळून घेणे.
उघडताना बाटली तोंडापासून लांब.